घरी वाचून या

पालकसभा संपली होती. हजेरीचे आकडे बघून बहुतेक पालक निघून गेले होते आणि मी कागद आवरत होते, तेवढ्यात शेवटच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून टेबलापाशी आले. अंगावर रिक्षाचा खाकी शर्ट, हातात मुलीची गुणपत्रिका घडी घालून धरलेली. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण एक विचारायचं होतं. पोरगी सांगते, तुम्ही शिकवायच्या आधीच घरी वाचून यायला सांगता, मोबाइलवर व्हिडिओ बघून यायला सांगता, आणि वर्गात मग त्यांच्याकडूनच सोडवून घेता. चांगलंच असणार ते. पण आमची विटाव्याला एकच खोली आहे. माणसं सहा. आपला टीव्ही बंद केला तर शेजारचा ऐकू येतो. ती वाचणार कुठे?" मी काही बोलायच्या आत खालून कुणीतरी गेटसमोरची रिक्षा हलवायला ओरडलं. "येतो मॅडम," म्हणून ते जिना उतरले. आवाजात तक्रार अजिबात नव्हती. अनोळखी गल्लीत पत्ता विचारावा तसं त्यांनी सरळ विचारलं होतं. तक्रार असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. सरळ प्रश्नाला नव्हतं.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या बीएस्सीला भौतिकशास्त्र शिकवते. एका डिव्हिजनला १२० मुलं, पहिलं लेक्चर सकाळी साडेसातला. दिवा, मुंब्रा, टिटवाळा इथली मुलं ठाण्याला उतरून पुलावरून धावत नऊ-दहा नंबरवर येतात आणि ट्रान्स-हार्बर पकडतात. पनवेल-तळोज्याची उलट्या बाजूनं येतात. एक मुलगा पहाटे वडिलांबरोबर तुर्भ्याच्या एपीएमसीत भाजीच्या गाळ्यावर असतो आणि तिथून थेट वर्गात येतो. त्याच्या वहीला कोथिंबिरीचा वास असतो आणि त्याचे डोळे साडेआठनंतर मिटायला लागतात. दोघीतिघी दुपारनंतर ऐरोलीच्या आयटी पार्कात शिफ्टला जातात. फोन मात्र सगळ्यांकडे आहे, रोजचा डेटाही बहुतेकांकडे असतो. आपल्याकडे शिक्षणातल्या दरीबद्दल बोलताना लोक नेहमी फोन आणि नेटवर्क मोजतात. या मुलांकडे जे नाही ते वेगळंच आहे. टेकायला टेबल, डोक्यावर आपल्यापुरता दिवा आणि सलग पाऊण तास कुणीही हाक मारणार नाही अशी जागा.

आधी घरी शिकून यायचं आणि वर्गात सोडवायचं, या पद्धतीचा उगमच मुळी गैरहजेरीतून झाला, हे मला नेहमी विशेष वाटतं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातल्या वुडलँड पार्क नावाच्या गावात जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे दोघे शाळेत रसायनशास्त्र शिकवत. मुलं सामन्यांसाठी दूरदूर जात, तास बुडत. म्हणून २००७ मध्ये त्यांनी आपले धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. त्यातून त्यांच्या ध्यानात आलं की माहिती ऐकताना मुलाला शिक्षक शेजारी लागत नाही; गणित अडतं तेव्हा लागतो, आणि नेमका तेव्हा मूल घरी एकटं असतं. मग त्यांनी क्रम फिरवला. ऐकायचं घरी, अडायचं वर्गात. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण इतकी वर्षं मी ज्या क्षणी मुलांना सर्वांत जास्त हवी होते त्या क्षणी मी ठाण्याच्या गाडीत असायचे. या विचारावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. पण त्यात एक शब्द गृहीत धरलेला आहे, 'घरी', आणि तो विटाव्याच्या त्या गृहस्थांनी अचूक उचलून माझ्यासमोर ठेवला.

मी स्वतः चरईतल्या चाळीत वाढले, त्यामुळे त्यांचं बोलणं मला समजावून घ्यावं लागलं नाही. आमच्या दीड खोलीत अभ्यासाची जागा म्हणजे आईचा स्वयंपाक उरकल्यानंतरचा ओटा. बारावीनंतर मी नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत नाव घातलं. लांबलचक टेबलं, मध्ये प्लायवूडच्या फळ्या, वर ट्यूबलाइटची सतत घरघर, आणि भिंतीवर लाल अक्षरात 'शांतता राखा'. उन्हाळ्यात पंख्याखालच्या जागेसाठी सकाळी सहाला रांग लागायची. त्या शांततेत मी पाठ पुष्कळ केलं. समजलं मात्र सगळं जिन्यात. आतून कुणी ना कुणी पुस्तक घेऊन जिन्यात यायचं, "हे काय आहे गं?" विचारायचं आणि दोन पायऱ्यांवर चार जण बसून भांडायला लागायचे. मला जडत्वाचा आघूर्ण, म्हणजे वस्तूच्या फिरण्यात बदल करणं किती जड जातं त्याचं माप, माझ्या सरांनी नाही, पॉलिटेक्निकच्या एका मुलीनं सायकलच्या चाकाचं उदाहरण देऊन तिथे समजावला. तिलाही तो पूर्ण येत नव्हता. सांगता सांगता ती अडली, मी एक शंका काढली, तिनं स्वतःलाच खोडलं, आणि पायरीवर खडूनं काढलेल्या त्या चाकाशी आम्हा दोघींना तो एकदमच समजला. खालच्या टपरीवरचा चहा गार झाला होता.

आमचे सर काही वाईट शिकवत नव्हते. उलट, इतकं सुंदर शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. स्वच्छ धुतलेला फळा, तीन रंगांचे खडू, डाव्या कोपऱ्यातून सुरू झालेलं समीकरण बरोबर घंटेच्या आधी उजव्या कोपऱ्यात संपायचं. आम्ही मंत्रमुग्ध व्हायचो आणि सगळं समजल्याच्या आनंदात घरी जायचो. मला अजून त्यांचं अक्षर आठवतं, 'म्हणून' म्हणतानाची त्यांची लकब आठवते. मी शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळे. आणि तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री हाताशी यायचं ते जिन्यातलंच. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे स्वीकारायला मला फार वर्षं लागली.

हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर नावाचे प्राध्यापक १९९० च्या सुमाराला याच जागी येऊन थांबले होते. त्यांची व्याख्यानं मुलांना आवडत, अवघड गणितंही मुलं सोडवत. मग त्यांनी वर्गाला बलाबद्दलचे साधे, सूत्राविना उत्तर देता येतील असे प्रश्न दिले, तेव्हा एका मुलीनं विचारलं, या प्रश्नांची उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे द्यायची, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? शिकलेलं एका कप्प्यात आणि समजूत दुसऱ्या कप्प्यात. पुढच्याच वर्षापासून मॅझूर यांनी वर्गात बोलणं कमी केलं. एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवायचं, साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा, मग पुन्हा उत्तर मागायचं.

त्यांच्याकडे आता त्यासाठी यंत्रं आहेत. माझ्या वर्गात बोटं आहेत. हाताची बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे मला दिसतं आणि मागच्याला दिसत नाही. एका तासाचा प्रश्न असा होता: ठाणे-वाशी लोकल ऐरोली सोडून रबाळेकडे एकसारख्या वेगानं चालली आहे. डब्यात उभ्या असलेल्या मुलानं चेंडू सरळ वर फेकला. चेंडू हवेत असतानाच मोटरमननं ब्रेक लावला. चेंडू कुठे पडेल? हातात, एक बोट. मुलाच्या मागे, दोन बोटं. मुलाच्या पुढे, तीन बोटं. वर्ग तिन्हींत फुटला, दोन बोटं सगळ्यांत जास्त. मी म्हटलं, आता शेजाऱ्याला पटवा. आणि पहिल्या वर्षाचा वर्ग, जो प्रश्न विचारल्यावर बाकावरच्या रेघा मोजत बसतो, तो पेटला. मराठी, हिंदी, मध्येच इंग्रजी. मागच्या रांगेतली एक मुलगी, जिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, शेजारच्या मुलाला म्हणत होती, "ब्रेक लागला की आपण पुढे जातो ना? मग चेंडू का नाही जाणार?" तो म्हणाला, "आपण गाडीत उभे असतो, पाय खाली टेकलेले असतात. चेंडूला कुणी धरलंय? तो हवेत आहे, तो मागेच राहणार." ती थांबली. मला जाऊन बोलावंसं वाटलं, मी हात मागे बांधून उभी राहिले. मग तिनं सावकाश सांगितलं, "धरलेलं नाही म्हणूनच. ब्रेक गाडीला लागला. चेंडूला कुठे लागला? तो आपल्या जुन्या वेगानंच चाललाय. मागे राहिली ती गाडी." मुलगा तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्यांदा बोटं आली तेव्हा तीनच तीन दिसत होती.

जडत्वाचा नियम मी फळ्यावर लिहिला तो त्यानंतर.

ती मुलगी विटाव्याची होती, हे मला पालकसभेच्या दिवशी कळलं.

वर्गातल्या अशा वादाबद्दल नेहमी एक शंका घेतली जाते आणि माझ्या सहकाऱ्यांनीही ती घेतली: हुशार मूल उत्तर सांगतं, बाकीचे मान डोलावतात, यात शिकणं कुठे आलं? या शंकेचा नीट पाठपुरावा कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिकीच्या वर्गात केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा वेगळा प्रश्न प्रत्येकाला एकट्यानं सोडवायला दिला होता. ज्या गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, त्या गटांतली मुलंही पुढे सरकली होती. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नौपाड्याचा तो जिना होता. दोन अर्धवट समजुती एकमेकींवर घासल्या की ठिणगी पडते, यासाठी कुणाला आधीपासून सगळं येत असावं लागत नाही. आपल्या पवईच्या आयआयटीतही पहिल्या वर्षाच्या संगणकाच्या प्रचंड मोठ्या वर्गात 'आधी एकट्यानं, मग जोडीनं, मग सर्वांसमोर' हा क्रम वापरून बघितला गेला आणि त्या वेळात सरासरी ८३ टक्के मुलं खरोखर कामात गुंतलेली दिसली. १२० च्या वर्गात हे होत नाही, असं मला कुणी सांगितलं की मी पवईकडे बोट दाखवते.

पण मुलांना हे आवडतं का? नेहमी नाही. सत्राअखेरच्या अभिप्रायात मला दरवर्षी काही कागद असे मिळतात: 'मॅम समजावतात छान, पण शिकवत नाहीत. नोट्स द्याव्यात. आयएमपी द्यावे.' ही मुलं दहावी-बारावीला ठाण्याच्या क्लासेसमधून आलेली असतात. तिथे छापील नोट्स मिळतात, प्रश्नाशेजारी तो कोणत्या वर्षी येऊन गेला ते लिहिलेलं असतं. स्वतः अडखळण्याला ती शिकणं मानत नाहीत, कारण अडखळताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटत राहतं. लुई देलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या अभ्यासात हेच स्पष्ट दिसलं. तोच धडा, काहींना उत्तम व्याख्यानातून आणि काहींना स्वतः सोडवत. सोडवणाऱ्यांना चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट. मी तो निष्कर्ष पहिल्या आठवड्यातच वर्गाला सांगते. थकवा आला, डोकं दुखलं, तर समजा की काम सुरू आहे. काहींना धीर येतो. काहींच्या चेहऱ्यावर अविश्वास राहतो, आणि मला त्यांचा राग येत नाही. मीही सरांच्या तासाला तशीच सुखात बसले होते.

आकड्यांचं म्हणाल तर चित्र फारसं संदिग्ध राहिलेलं नाही. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. २०१४ मध्ये आलेल्या त्या लेखात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभरातली बारा मुलं. आमच्याकडे केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या, मुलाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. मुलगा असेल तर "जा आता कामाला", मुलगी असेल तर "आता स्थळं बघू या". त्या बारा जणांसाठी मी पोर्शन चार दिवस उशिरा संपवायला तयार आहे.

म्हणजे पद्धत सोडायची नव्हती. सोडायचं होतं ते 'घरी'.

आता माझ्या दोन जोडतासांपैकी पहिल्याची सुरुवात वाचनानं होते. दोन पानी कागद, त्यावर धड्याचा एकच तुकडा, शेवटी दोन प्रश्न. वीस मिनिटं कुणीही बोलायचं नाही, मीही नाही. ज्यांना व्हिडिओ बघायचा त्यांनी इअरफोन लावून मागच्या दोन रांगांत बसायचं. पहिल्या काही दिवसांत मुलं एकमेकांकडे बघून हसत होती, मग हळूहळू खाली वाकली. एपीएमसीतला मुलगा ओळींखाली बोट फिरवत वाचतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी वाक्यावर दोनदा-तीनदा जातात, आणि व्हिडिओतला माणूस जो वेळ देत नाही तो त्यांना कागद देतो. बाहेर रस्त्यावर बसचे हॉर्न, खालच्या कँटीनमधून फोडणीचा वास, आणि आत १२० मुलं वाचत बसलेली. मला शिक्षिका म्हणून आजवर मिळालेल्या सर्वांत समृद्ध वेळांपैकी हा एक आहे, आणि त्यात मी एक शब्दही बोलत नाही. काही मुलांना दिवसभरात मिळणारी एवढीच शांत वीस मिनिटं असतात, हे त्यांनीच मला सांगितलं आहे.

शांततेची किंमत शिक्षकांनाही कळायला वेळ लागतो. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद! मी मनातल्या मनात मोजत उभी राहते तेव्हा ते अतिशय लांब वाटतात. पण मागच्या रांगेतल्या त्या मुलीला बोलायला तेवढेच लागले होते.

स्टाफरूममध्ये यावर एकमत नाही, आणि मला विरोध करणाऱ्यांबद्दल आदर आहे. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचं म्हणणं असं की वर्गात वाचायला लावणं म्हणजे शिक्षकानं आपला वेळ मुलांना उसना देणं. विद्यापीठाचा पेपर तर अजून 'व्याख्या लिहा, सिद्ध करा' असाच येतो, त्याची तयारी कुणी करून घ्यायची? त्यांचं पेपरबद्दलचं बोलणं अगदी खरं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चर्चा आणि शोध यांवर आधारलेल्या शिकण्याचा पुरस्कार आहे, पण प्रश्नपत्रिकेचा साचा जोवर पाठांतराला गुण देतो तोवर मुलं नोट्स मागणारच. यात मुलांचा हिशेब मला अजिबात चुकीचा वाटत नाही. बदल प्रश्नपत्रिकेत व्हायला हवा. त्यासाठी मी इंटर्नलच्या माझ्या हातातल्या गुणांमध्ये लोकल आणि चेंडूसारखे प्रश्न घालते. माझ्या अखत्यारीत तेवढंच येतं.

आणि व्याख्यान? ते मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. १९९८ मध्ये डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रॅन्सफोर्ड यांनी दाखवलं होतं की मुलांनी आधी उदाहरणांमधला फरक स्वतः शोधण्याची धडपड केली असेल, तर त्यानंतर दिलेलं व्याख्यान फार खोल जातं. सांगण्याची एक वेळ असते आणि ती धडपडीनंतरची असते. एन्ट्रॉपी मी आजही संपूर्ण तास उभी राहून शिकवते, तीन रंगांचे खडू घेऊन, पण मुलं आधी वाचून, भांडून, अडून बसलेली असतात तेव्हाच. त्या दिवशी वर्गात जी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते, ती सरांच्या तासाला असायची तशी नसते. आम्ही तेव्हा मुग्ध होतो. ही मुलं उत्तराची वाट बघत असतात.

सध्या माझं भांडण किल्ल्यांसाठी चाललं आहे. आमच्या इमारतीतले वर्ग दुपारी दोननंतर कुलपात जातात, वाचनालय साडेचारला बंद होतं, आणि नेमकी तेव्हा मुलं स्टेशनच्या पायऱ्यांवर बसून जर्नल पूर्ण करतात. मी लेखी मागणी केली: दोन वर्ग संध्याकाळी सातपर्यंत उघडे, एका वर्गात बोलायचं नाही, दुसऱ्यात मोठ्यानं बोलायचं. सुरक्षारक्षक, वीजबिल, मुलींना उशीर, सगळे आक्षेप आले आणि ते रास्तही होते. मुलींना स्टेशनपर्यंत गटानं सोडण्याची जबाबदारी तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी घेतली, रक्षकाच्या जादा तासांचं बोलणं चालू आहे. बोलण्याच्या वर्गाला परवानगी मिळाली आहे. न बोलण्याच्या वर्गाचा कागद अजून सहीसाठी थांबला आहे. विटाव्याच्या त्या गृहस्थांना हवा होता तो हाच दुसरा वर्ग, म्हणून सोमवारी मी पुन्हा ऑफिसात जाणार आहे. या वेळी सोबत ती मुलगी येते म्हणाली आहे, आणि काय बोलायचं ते तिनं ठरवलं आहे.